पत्नी, वय अठरा

माझे पती १९८८ साली बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलातल्या तुकडीमधून हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्याबरोबर पत्र्याची एक काळी ट्रंक आली. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले होते. चोवीस वर्षांत हुद्दा तीनदा बदलला होता आणि प्रत्येक वेळी जुन्या अक्षरांवर काळा हात मारून नवीन अक्षरे काढली होती, त्यामुळे तेवढ्या जागी रंगाचा थर इतका जाड झाला होता की बोट फिरवले म्हणजे हवालदाराच्या खाली नाईक, त्याखाली लान्स नाईक आणि सर्वांत तळाशी सॅपर हाताला लागे. ट्रंक पलंगाखाली गेली. ‘मी गेलो की ही उघड, तुला लागणारे सगळे यात आहे,’ एवढेच त्यांनी सांगितले होते. पुढची पस्तीस वर्षे मी तिच्यावरची धूळ पुसत राहिले, परंतु तिला कधी हात घातला नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ते प्रभूकडे गेले. दफनविधी झाला, आठ दिवस मंडळीतल्या बायका रोज संध्याकाळी प्रार्थनेला येत राहिल्या, आणि नवव्या दिवशी माझ्या नातवाने पलंगाखालून ट्रंक बाहेर ओढली. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामाला तेथून सुरुवात झाली. ते काम पूर्ण व्हायला अडीच वर्षांहून अधिक काळ लागला. हे लिहिण्याचे कारण असे की माझ्यासारख्या आणखी पुष्कळजणी खेड्यापाड्यांत आहेत, ज्यांच्या पलंगाखाली अशीच एक ट्रंक आहे आणि ती नवऱ्याच्या हयातीत उघडायची नसते असा त्यांचाही समज आहे. तो समज चुकीचा आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहिला होता. वर घडी घातलेला गणवेश, त्याखाली रुमालात बांधलेली पदके, त्यांपैकी १९७१ च्या युद्धाचा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल मला ओळखता आली. तळाशी मेणकापडात गुंडाळलेले डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, ज्याला सगळे जण पीपीओ म्हणतात, तो होता. त्याच्याबरोबर आम्हा दोघांचा एक फोटो होता. निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी पतिपत्नींचा एकत्रित फोटो लागतो म्हणून तो आम्ही एका स्टुडिओत काढला होता. छायाचित्रकाराने ‘थोडे जवळ बसा’ असे तीन वेळा सांगूनही आमच्या दोघांमध्ये एक माणूस बसेल इतके अंतर राहिले आहे. लग्नाला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती, पण त्या एकवीस वर्षांत एका छपराखाली आम्ही जेमतेम सात वर्षे काढली होती. कदाचित त्या अंतराचे कारण तेच असावे.

नातवाने डिस्चार्ज बुक उघडले आणि कुटुंबाच्या तपशिलाचे पान वाचून दाखवले. माझे नाव होते, नाते पत्नी असे होते, लग्नाची तारीख १९६७ सालची बरोबर होती. त्यापुढे माझी जन्मतारीख होती १ जून १९४९. ‘आजी, तुझ्या आधार कार्डावर तर १४ ऑक्टोबर १९४५ आहे,’ तो म्हणाला. मी म्हटले, आधारवरची खरी. ‘मग ही कोणाची?’ असे त्याने विचारले आणि मी उत्तर द्यायचे टाळले. ते उत्तर मला ठाऊक होते. त्याच्याकडे मी योग्य ठिकाणी येईन.

आता कामाविषयी. पूर्वी फौजी निवृत्तांचे पैसे बँक हिशेब करून देत असे. अलीकडच्या वर्षांत ही सगळी खाती ‘स्पर्श’ नावाच्या एकाच संगणकीय व्यवस्थेत गेली आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. निवृत्त सैनिक वारला की त्या व्यवस्थेत मृत्यूची नोंद करायची, मृत्यूचा दाखला जोडायचा, पत्नीचे आधार, पॅन आणि स्वतःच्या नावावरच्या खात्याचा तपशील द्यायचा, आणि मूळ आदेशात पत्नीचे नाव असेल तर तिचे निवृत्तिवेतन सुरू होते. ऐकायला हे सोपे आहे. रक्कम मात्र तीच राहत नाही, हे बायकांना आधी कोणी सांगत नाही. ज्या वेतनाच्या पन्नास टक्के पतीला मिळतात, त्याच वेतनाच्या तीस टक्के सर्वसाधारण दराने पत्नीला मिळतात. मृत्यूच्या तारखेनंतरचे जे पैसे पतीच्या खात्यावर चुकून जमा झाले असतील ते परत जातात. म्हणून त्या खात्यातून घाईने पैसे काढू नयेत. आमच्या ओळखीच्या एका घरी दुःखाच्या पहिल्याच महिन्यात ही वसुली आली आणि त्यांची फार ओढाताण झाली.

मृत्यूचा दाखला आम्ही एकदम दहा प्रतींत काढला, हे शहाणपण सुनेचे. पुढच्या दोन वर्षांत त्यांपैकी आठ लागल्या.

बँकेत जे घडले ते मी कोणाचे नाव न घेता सांगते, कारण त्या खिडकीवरच्या मुलाचा काही वाईट हेतू नव्हता. आमचे खाते संयुक्त होते. पतीचे नाव कमी करून खाते माझ्या एकटीच्या नावावर करावे असा अर्ज मी दिला. त्याने अर्ज वरवर पाहिला आणि म्हणाला, ‘आजी, संयुक्त खाते आहे, दोघांच्या सह्या लागतील. आजोबांना घेऊन या.’ मी म्हटले, ‘ते आता इकडे यायचे नाहीत. मीच तिकडे जाईन तेव्हा भेट होईल, पण तोपर्यंत तुम्ही माझी पेन्शन थांबवून ठेवणार का?’ त्याने अर्ज पुन्हा वाचला, तोंडातल्या तोंडात क्षमा मागितली आणि मला खुर्ची दिली. खुर्ची मिळाली तरी नाव कमी व्हायला सात आठवडे लागले, ते लागलेच.

याच काळात लोक मला ‘वीरनारी’ म्हणू लागले. एका कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेवरही तसे छापून आले. मी तेव्हाच कळवले की तो शब्द ज्यांचे पती कर्तव्यावर असताना कामी आले त्या स्त्रियांचा आहे. माझे पती शहात्तर वर्षांचे होऊन, आपल्या बिछान्यावर, सकाळचा चहा घेतल्यानंतर गेले. मी सैनिकाची विधवा आहे आणि ते पुरेसे आहे. शब्दांच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे, असे घरचे म्हणतात. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यामुळे असेल.

आम्ही मूळचे नेवासे तालुक्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, काम सुरू केले आणि पुढे आसपासच्या खेड्यांत शाळा व प्रार्थनामंदिरे निघाली. त्यांतल्याच एका खेड्यात आमच्या आजोबांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला. माझे लग्न शेजारच्या गावच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलाशी ठरले. तो १९६४ साली खडकीला सॅपर म्हणून भरती झाला होता आणि दोन महिन्यांच्या वार्षिक सुट्टीवर आला होता. एकवीस दिवस बोलणी आणि तयारीत गेले, बाविसाव्या दिवशी आमच्या गावच्या चर्चमध्ये लग्न लागले, आणि सुट्टी संपताच तो परत गेला. जाताना त्याने पाळकसाहेबांकडून लग्नाचा दाखला घेतला. त्या दाखल्यावर वधूचे वय लिहिलेले नव्हते, ‘सज्ञान’ एवढाच शब्द होता. पुढची सगळी गोष्ट या एका शब्दामुळे घडली.

फौजेत लग्न नुसते लागून चालत नाही, ते कागदावर यावे लागते. सैनिकाने दाखला दिला की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये निघते, आणि ती निघेपर्यंत फौजेच्या लेखी त्याला बायको नसते. तिला क्वार्टर नाही, लष्करी इस्पितळ नाही, रेल्वेचे वॉरंट नाही. ‘तुझा पार्ट टू निघाला,’ असे त्यांनी मला पहिल्या आंतर्देशीय पत्रात कळवले होते आणि मला तो काही तरी आजार वाटला होता. ती ऑर्डर म्हणजे एक ओळ असते. माझी ओळ अशी होती, की अमुक तारखेला अमुक ठिकाणी अमुकशी विवाह, जन्मतारीख १ जून १९४९. म्हणजे लग्नाच्या वेळी वय अठरा.

प्रत्यक्षात मी बावीस वर्षांची होते, आणि माझे पती माझ्याहून पाच महिन्यांनी लहान होते.

हे मला कधी कळले, तर १९८८ मध्ये, निवृत्तीचे कागद भरताना. मी तारीख पाहून चकित झाले तेव्हा ते प्रथम पुष्कळ हसले आणि मग त्यांनी सांगितले. कंपनीच्या कारकुनाने वय विचारले तेव्हा मागे रांगेत त्यांच्या तुकडीतली आठ-दहा पोरे उभी होती. त्यांच्यापैकी ज्यांची लग्ने झाली होती त्यांच्या बायका सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. बायको आपल्याहून मोठी आहे हे त्या रांगेत कळले असते तर वर्षभर सुटका नव्हती, म्हणून त्यांनी अठरा सांगितले; आणि कारकुनाने तारीख विचारली तेव्हा शाळेत घालताना सगळ्यांची लावतात ती १ जून लावून टाकली. ‘तुला लाज वाटू नये म्हणून,’ असे ते म्हणाले. मी म्हटले, मला कशाची लाज वाटणार होती? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्याच वेळी आम्ही ती नोंद दुरुस्त करून घ्यायला हवी होती. ते कामावर असताना, रेकॉर्डमध्ये, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात, त्यांची माणसे असताना, एका अर्जात काम झाले असते. पण त्यात काय अडले आहे, असे म्हणून आम्ही दोघांनी ते सोडून दिले, आणि हा दोष जितका त्यांचा तितकाच माझा आहे.

अडले ते आता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक कल्याण संघटक आहेत, स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी माझी फाइल उघडली आणि दोन मिनिटांत बोट नेमके त्या ओळीवर ठेवले. त्यांनी समजावून सांगितले ते असे. जन्मतारखेच्या तफावतीमुळे निवृत्तिवेतन कायमचे बुडणार नाही, पण आधार आणि लष्करी नोंद जुळत नाही तोवर संगणक प्रत्येक टप्प्यावर अडवील. दुसरे म्हणजे, कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीला ऐंशी वर्षे पूर्ण झाली की त्यात वीस टक्क्यांची वाढ मिळते, पंच्याऐंशीला ती तीस टक्के होते, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभर वर्षे पूर्ण झाली तर ती दुप्पट होते. खऱ्या तारखेने मला ऐंशी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण होणार होती. पतीने सांगितलेल्या तारखेने जून २०२९ मध्ये. ‘काकू, साडेतीन वर्षांपेक्षा जास्त फरक पडतो,’ ते म्हणाले. ‘आणि घाबरू नका, निम्म्या रेजिमेंटच्या बायका एक जूनलाच जन्मल्या आहेत.’

निवृत्तिवेतन पाच महिन्यांनी सुरू झाले, थकबाकीसह. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. प्रतिज्ञापत्रे, पुन्हा सह्या, इंग्रजी नावाच्या शेवटी एक ‘एच’ आहे की नाही यावरून एकदा परत आलेला अर्ज, इतकेच. जन्मतारीख दुरुस्त करण्याचे काम मात्र वेगळे होते. आधार आणि पॅन हे अलीकडचे कागद. लग्नाच्या आधीचा एखादा पुरावा द्या, असे सांगण्यात आले. शाळा सोडल्याचा माझा दाखला झाशीच्या क्वार्टरमध्ये एका पावसाळ्यात भिजून लगदा झाला होता. मिशनची ती शाळा केव्हाच बंद पडली. राहिली एकच जागा जिथे माझा जन्म कोणी तरी त्या वेळी शाईने लिहून ठेवला असण्याचा संभव होता, आणि ती म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नात मला गाडीने गावी घेऊन गेली. चर्च तेच आहे, छपरावरची कौले जाऊन पत्रे आले आहेत. हल्लीचे पाळकसाहेब माझ्या धाकट्या मुलाहूनही लहान आहेत. त्यांनी लोखंडी कपाटातून कापडात बांधलेल्या तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. दुसऱ्या वहीच्या कडा वाळवीने कुरतडल्या होत्या आणि माझ्या छातीत धस्स झाले, पण वाळवी समासापर्यंतच पोचली होती. पानावर बोरूच्या वळणाची, उजवीकडे किंचित झुकलेली अक्षरे होती. रकाने असे : अनुक्रम, मुलाचे नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबापांची नावे, बापाचा धंदा, पाळकाची सही. १९४५ च्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या रविवारी, सहा मुलांचा बाप्तिस्मा एकदम झाला होता. चौथी मी. जन्मतारीख १४ ऑक्टोबर. बापाचा धंदा, ‘शिक्षक, पगार मिशनचा’. माझ्या वरच्या ओळीत ज्या मुलीचे नाव होते ती माझी मैत्रीण. पुढे आम्ही एकाच बाकावर बसलो. तिच्या नावापुढे नंतरच्या कोणी तरी बारीक अक्षरांत ‘मयत’ असे लिहून तारीख घातली होती.

मी ते पान बराच वेळ पाहत बसले. पाळकसाहेबांनी नोंदीचा उतारा स्वतःच्या हाताने लिहून, मंडळीचा शिक्का मारून दिला आणि मूळ पानाची प्रत साक्षांकित करून जोडली. मग म्हणाले, ‘आजी, प्रार्थना करू या.’ आम्ही केली. मी मनातल्या मनात त्या बोरूवाल्या पाळकाचे आभार मानले, ज्यांचे नाव मला सहीवरून नीट वाचताही आले नाही.

श्रद्धेविषयी येथे थोडे लिहिते, कारण त्याशिवाय पुढचा भाग समजणार नाही. फौजी माणसाची बायको होणे म्हणजे वाट पाहायला शिकणे, आणि मी ते शिकले ते प्रार्थनेतून. १९७१ च्या डिसेंबरात ते पश्चिम सीमेवर होते. मी दोन वर्षांच्या मुलीसह सासरी, गावात. पूर्वेकडे १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आले आणि पश्चिमेकडे १७ तारखेला शस्त्रसंधी झाली, हे रेडिओवर ऐकून गावात लोकांनी पेढे वाटले. पण सॅपरचे युद्ध शस्त्रसंधीने संपत नाही. सुरुंग पेरायचे त्याने आणि ते काढायचेही त्यानेच; आणि जमिनीतल्या सुरुंगाला शस्त्रसंधी झाल्याचे कळत नसते. त्या नाताळला मी करंज्या केल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ‘कर, तो आहे असे समजून कर.’ मी पीठ मळले आणि तसेच ठेवून दिले. जानेवारीच्या मध्यावर ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या, पत्त्याचे पत्र आले. त्यात चार ओळी होत्या आणि त्यांतली एक दुभत्या म्हशीच्या चौकशीची होती. ते पत्र मी बायबलमध्ये ठेवले आणि अजून तिथेच आहे. त्यानंतर झाशीला आणि पठाणकोटला क्वार्टर मिळाले तेव्हा आमच्या शेजारी शीख आणि मराठा कुटुंबे होती; युनिटच्या सर्वधर्म स्थलात आम्ही सगळ्याजणी एकाच छपराखाली आपापली प्रार्थना करत असू, आणि कोणाचा नवरा फील्डवर गेला की तिच्या घरी रात्री सोबतीला कोणी तरी एक जात असे, हा नियम कोणी न लिहिता पाळला जात होता. माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळी माझ्या उशाशी रात्रभर बसली होती ती लुधियान्याकडची एक सरदारीण. तिला मराठी येत नव्हते आणि मला पंजाबी.

असो. तर प्रतिज्ञापत्राची गोष्ट.

उतारा हाती आल्यानंतर एक प्रतिज्ञापत्र द्यायचे होते, की लष्करी नोंदीतली तारीख चुकीची असून खरी तारीख अमुक आहे. तहसील कचेरीच्या बाहेर टंकलेखक बसतात, त्यांच्यापैकी एकाकडे हा मजकूर तयारच होता. त्याने फक्त नाव आणि तारखा भरल्या आणि सही करायला कागद पुढे केला. मी चष्मा लावून वाचू लागले. ‘माझ्या पतींकडून अनवधानाने सदर जन्मतारीख चुकीची नोंदविली गेली,’ असे एक वाक्य होते, आणि सर्वांत खाली, ‘वरील सर्व मजकूर खरा व बरोबर असून तो मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देत आहे.’

मी म्हटले, ‘हे अनवधानाने झालेले नाही.’

तो म्हणाला, ‘आजी, सगळे असेच लिहितात.’

सगळे लिहीत असतील. पण अनवधान म्हणजे लक्ष नसणे, आणि माझ्या पतींचे तर त्या वेळी पुरते लक्ष होते. मागच्या रांगेत कोण कोण उभे आहे इथपर्यंत होते. मला ते कारण त्यांच्याच तोंडून कळलेले. आता ते माहीत असताना, देवाला साक्ष ठेवून, ‘अनवधानाने’ या शब्दाखाली मी सही कशी करणार? दुसऱ्या बाजूने, जो माणूस आता स्वतःची बाजू मांडायला नाही त्याने खोटे सांगितले असे सरकारी कागदावर लिहून देणेही मला जमेना. ज्याच्या नावावर मी आयुष्यभर मान मिळवला, त्याच्यावर त्याच्या पश्चात ठपका ठेवून पेन्शनची वाढ घ्यायची, हे माझ्या मनाला पटेना. नात घड्याळ पाहत होती. टंकलेखकाच्या मागे आणखी चार माणसे उभी होती. मी त्याला म्हटले, तुम्ही त्यांची कामे उरका, मी बाकावर बसते.

अर्धा तास बसले. शेवटी मी त्याला वाक्य सांगितले ते असे : ‘विवाहसमयी माझ्या पतींनी माझे वय कमी सांगितले व त्यानुसार सदर तारीख नोंदविली गेली.’ खोटे असे म्हटलेले नाही, अनवधान असेही नाही. जे झाले तेवढेच. टंकलेखक म्हणाला, यावरून वर कोणी शंका काढली तर माझ्याकडे येऊ नका. मी म्हटले, येणार नाही. कल्याण संघटकांनाही ते वाक्य वाचून आधी काळजी वाटली, आणि मी कारण सांगितल्यावर ते टेबलावर हात आपटून हसले. ‘हवालदार साहेबांना भेटायला हवे होते,’ ते म्हणाले.

ज्या वाक्यापायी मी एवढी अडून बसले त्याबद्दल पुढे कोणीही, कोणत्याही कार्यालयातून, एक अक्षर विचारले नाही. कागद रेकॉर्डकडे गेले, तिथून प्रयागराजला. मध्ये एकदा साक्षांकित प्रत पुन्हा मागवली गेली. उरलेला वेळ नुसता वाट पाहण्याचा होता, आणि त्या कामात मी मुरलेली होते. दर सोमवारी नातू पुण्याहून फोन करून सांगे, ‘आजी, अजून प्रक्रियेत आहे,’ आणि मी म्हणे, बरे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीचा आदेश आला. तो ट्रंकेत ठेवताना जुना पीपीओ मी काढून टाकला नाही. दोन्ही एकावर एक ठेवले आहेत. ट्रंक आता पलंगाखाली नाही, ती खिडकीशी आहे आणि तिची किल्ली सुनेला माहीत आहे. माझ्या मुलाच्या आणि सुनेच्या कागदांवरच्या नावांची आणि तारखांची मी स्वतः बसून जुळणी करून घेतली, तेव्हा त्यातही एक चूक निघाली.

ऑक्टोबरअखेरीस वाढीव रक्कम खात्यावर आली. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा होता. पूर्वी बोटांचे ठसे घेत असत. माझी बोटे पाटा-वरवंट्याने आणि धुण्याने इतकी झिजली आहेत की यंत्राला त्यावर काही सापडत नाही, आणि मागे एकदा तर दहाही बोटे लावून झाल्यावर मी हयात असल्याचे सिद्ध होईना. आता चेहऱ्यावरून दाखला देता येतो. दिवाळीच्या सुट्टीला आलेला नातू परत जायच्या आधी माझ्यासमोर मोबाइल धरून बसला. त्याने माझा तपशील उघडला, आणि प्रथमच त्या पडद्यावर दिवंगत निवृत्तिवेतनधारकाची आणि माझी, अशा दोन्ही जन्मतारखा एकाखाली एक त्याच्या नजरेस पडल्या. त्याने त्या दोनदा वाचल्या, बोटांवर महिने मोजले आणि मान वर केली.

‘आजी, आजोबा तुझ्यापेक्षा लहान होते?’

‘पाच महिन्यांनी,’ मी म्हटले. ‘आता मोबाइल सरळ धर.’

त्याने सरळ धरला. डोळ्यांची उघडझाप करायची सूचना आली. पहिल्या वेळी मला हसू आवरेना, त्यामुळे चेहरा ओळखता आला नाही. दुसऱ्या वेळी ओळखला.